अध्यक्षांनी बोलायचं नसतं

अध्यक्ष : ...म्हणजे एक शब्दसुद्धा बोलायचा नाही?

चिटणीसबाई : एक कशाला? चांगली चार वाक्यं आहेत की. ‘सभा सुरू झाली असं जाहीर करतो.’ ‘वक्त्यांना विनंती करतो.’ ‘वक्त्यांचे आभार मानतो.’ ‘सभा संपली.’ मधल्या वेळात पाणी प्या. पाण्याला मर्यादा नाही.

अध्यक्ष : बाई, मी तीस वर्षं या गोगलगाय अभ्यास मंडळाचा सभासद आहे. एकाही सभेत गप्प बसलेलो नाही!

चिटणीसबाई : मला सांगताय? इतिवृत्त मीच लिहिते. औषधांचं दुकान बंद करून इथं येते, तुमचे आक्षेप लिहून घेते, आणि परत जाऊन बोटांना दुकानातलंच मलम लावते.

अध्यक्ष : मग अध्यक्षाला काम तरी काय असतं?

चिटणीसबाई : घंटा वाजवणं. घड्याळ बघणं. सही करणं. कोणी घोरायला लागलं तर प्रेमानं बघणं, हे नियमात नाही, पण आधीचे सगळे बघायचे. आणि नियम चौदा : ‘अध्यक्ष खुर्चीत असेपर्यंत कुठल्याही वादात बाजू घेणार नाहीत, प्रश्न विचारणार नाहीत, मान हलवणार नाहीत.’

अध्यक्ष : मानसुद्धा?

चिटणीसबाई : ते नंतर घातलं. एक अध्यक्ष नुसत्या मानेनं भांडायचे.

अध्यक्ष : हे सगळं निवडणुकीच्या दिवशी का नाही सांगितलंत?

चिटणीसबाई : सांगत होते. तुम्ही रडत होतात.

अध्यक्ष : भरून आलं होतं मला! माझं नाव सुचवलं कोणी? त्या दातवाल्यानं! बायकोचा सख्खा भाऊ. तीस वर्षं माझ्याशी भांडतोय, आणि उभा राहून म्हणतो, ‘या पदाला आमच्या भाऊजींशिवाय दुसरा माणूस नाही.’ मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, तुझ्या भावाचं मन किती मोठं आहे गं.

चिटणीसबाई : वहिनी काय म्हणाल्या?

अध्यक्ष : हसली. मग पाणी प्यायली आणि परत हसली.

चिटणीसबाई : समजूतदार बाई.

अध्यक्ष : आणि आजच्या सभेत भाषण कोणाचं? त्याचंच! विषय काय, तर ‘गोगलगाय आपल्या घरी परत येते’. तीस वर्षं अडवून धरलंय मी ते. येत नाही परत! एक जाते, दुसरी येते. आणि आज कोणी आक्षेप घेतला नाही तर ते मंडळाच्या ग्रंथात कायमचं छापलं जाणार. मान्य म्हणून! माझ्या सहीनं! केसानं गळा कापला हो माझा.

दंतवैद्य : कोणाचा गळा? आ करा बघू.

अध्यक्ष : आलास? ये. चांगला हरभऱ्याच्या झाडावर चढवलास मला.

दंतवैद्य : भाऊजी, असं काय करता? मान दिला तुम्हाला. फक्त तीन वर्षं गप्प बसायचं. काही दुखत नाही, थोडं बधिर झाल्यासारखं वाटतं. आणि तीन वर्षांनी या भिंतीवर तुमची तसबीर लागेल, त्या मिशीवाल्या माजी अध्यक्षांच्या शेजारी. ताईनं तर फोटोसाठी तुमचा नवा कोटही शिवायला टाकलाय.

अध्यक्ष : तिचं नाव मध्ये आणू नकोस.

दंतवैद्य : बरं. हा माझा परिचय. तुम्ही वाचायचा आहे. मीच लिहून आणलाय, तुम्हाला त्रास नको.

अध्यक्ष : ‘थोर, निगर्वी आणि देखणे संशोधक...’ बाई, हे मी वाचू?

चिटणीसबाई : नियम नऊ. परिचय गौरवपर असावा.

अध्यक्ष : ‘देखणे’ कुठल्या नियमात बसतं?

चिटणीसबाई : कुठल्याही नियमात अडत नाही. चला, चार वाजले. कोट नीट करा, घंटा घ्या.

(सभागृह. मंचावर एका टेबलाशी तिघं, समोर एकतीस सभासद. तिसऱ्या रांगेत खिडकीजवळची एक खुर्ची रिकामी.)

अध्यक्ष : सभा सुरू झाली असं जाहीर करतो. आजचे वक्ते थोर, निगर्वी आणि... आणि... समोर उभेच आहेत, तेव्हा कसे दिसतात ते सभासदांनी स्वतः ठरवावं. वक्त्यांना विनंती करतो.

दंतवैद्य : आभार, अध्यक्षमहाशय! सभासदहो, गेल्या वर्षी मी माझ्या अंगणातल्या कुंडीतून एक गोगलगाय उचलली. तिच्या शंखावर, दातात भरतो त्या सिमेंटचा एक ठिपका दिला, आणि तिला तीस पावलं लांब नेऊन सोडलं. नवव्या दिवशी त्याच कुंडीत ठिपक्याची गोगलगाय हजर! आता कोणी म्हणेल, ही तीच कशावरून?

चिटणीसबाई : अध्यक्षसाहेब, मान.

अध्यक्ष : हलली नाही. थरथरली.

दंतवैद्य : कोणी म्हणेल, असं म्हणतोय मी... ही तीच कशावरून?... कोणीही म्हणू शकतं... बरं. कोणी म्हणत नाही. तर, अं, त्यानंतर... त्यानंतर मी दुसरी गोगलगाय घेतली. तीही आली. तिसरी आली. आता कोणी उठून विचारेल, की तीस पावलं कोणाची, मोजली कशानं?... टेपनं मोजली का?... नाही मोजली टेपनं!

अध्यक्ष : बाई, पाणी.

चिटणीसबाई : हा चौथा पेला.

दंतवैद्य : तर असं आहे सगळं. गोगलगाय येते परत. अं... हो. येते. एवढंच.

चिटणीसबाई : डॉक्टर, काय झालं? पाऊण तास होता तुम्हाला. नऊ मिनिटं झालीत.

दंतवैद्य : बाई, माईकवर हात ठेवा जरा. माझं भाषण संपलं.

चिटणीसबाई : एवढे कागद आहेत की हातात. दाखवा इकडे. हे काय लिहिलंय समासात? ‘इथे भाऊजी उठतील.’ पुढच्या पानावर, ‘भाऊजी टेप काढतील, लोक हसतील, मग मी ठिपक्याचं सांगायचं.’ ‘भाऊजी आरडाओरडा करतील, तेवढ्यात पाणी पिऊन घेणे.’

अध्यक्ष : बघू, बघू. अरे, सगळ्या पानांवर मीच आहे!

दंतवैद्य : सवयीनं लिहिलं गेलं. लिहायला बसलो की तुम्ही डोळ्यांसमोर उभे राहता. भाऊजी, विचारा ना काहीतरी.

अध्यक्ष : नियम चौदा.

दंतवैद्य : नुसतं खोका तरी. तुमच्या त्या विशिष्ट पद्धतीनं.

अध्यक्ष : चार पेले पाणी प्यायलोय. घसा साफ आहे माझा.

चिटणीसबाई : भांडायचं असेल तर हळू. सभासदांना विचारते. सभासदहो, वक्त्यांना कोणाचा काही प्रश्न?... काय म्हणालात?... हो, पंखा कमी करता येईल... आणखी?... नाही, चहा सभा संपल्यावर. भाषणाबद्दल काही?... नाही. मग निष्कर्षावर कोणाचा आक्षेप?... नाही. डॉक्टर, झालं तुमचं काम. बिनविरोध.

दंतवैद्य : बिनविरोध?

चिटणीसबाई : अभिनंदन. अध्यक्षसाहेब, इथे सही.

दंतवैद्य : थांबा हो! असं कसं, बिनविरोध? तीस वर्षं लागलीत मला. कोणी हरलं नाही, कोणी चिडलं नाही, हे काय जिंकणं झालं? तिकडे तिसऱ्या रांगेत बघतोय सारखा, तर तुमची ती नेहमीची खुर्ची रिकामी. चुकलो भाऊजी. तुम्हाला गप्प करायला गेलो आणि माझीच बोबडी वळली.

अध्यक्ष : हे आता सुचतंय? आता मी काय करणार? माझा पेन उघडलाय बाईंनी.

चिटणीसबाई : नियम पंधरा आहे.

अध्यक्ष : तो काय म्हणतो?

चिटणीसबाई : ‘अध्यक्षांस बोलण्याची अनावर इच्छा झाल्यास त्यांनी खुर्ची सोडून सभासदांत जाऊन बसावे. मात्र त्या क्षणी त्यांचे पद संपले असे समजावे.’ आजवर कोणी वापरलेला नाही. तसबिरीचा मोह सगळ्यांनाच असतो.

अध्यक्ष : म्हणजे पद गेलं. तसबीर गेली. आणि कोट?

दंतवैद्य : कोटाचं मी ताईला सांगतो. नका उठू भाऊजी, राहू दे. एवढं मोठं पद... माझ्यासाठी नको.

अध्यक्ष : तुझ्यासाठी कोण उठतंय? तीस पावलं म्हणे! चौतीस वर्षं जमिनी मोजल्या मी, आणि माझ्यासमोर हा पावलांनी मोजतो! अंगाची लाही लाही झालीय इथं बसून. बाई, चोवीस मिनिटांच्या अध्यक्षाची तसबीर लावतात का?

चिटणीसबाई : लावू. लहान आकाराची. दाराच्या मागे.

अध्यक्ष : चालेल. ही घ्या घंटा.

चिटणीसबाई : सभासदहो, अध्यक्ष खाली उतरत आहेत. पाय आत घ्या. नाही, चहा नाही झालेला, बसा. उरलेली सभा मी चालवते. तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, हात वर झालेला दिसतोय. बोला.

अध्यक्ष : माझा आक्षेप आहे! पहिला : ही तीच गोगलगाय कशावरून? दुसरा : तीस पावलं कोणाची? तुझी की माझी? तुझी पावलं म्हणजे काय माप आहे? तिसरा : ठिपका! तुझ्या सिमेंटचे ठिपके दोन महिन्यांत निघतात, मला अनुभव आहे, ही बघा दाढ!

दंतवैद्य : आहाहा! धन्यवाद! सभासदहो, मी वाटच बघत होतो या प्रश्नाची. पान दोन!

चिटणीसबाई : सावकाश. लिहून घेतेय. मलम आणायचं विसरले आज.

दंतवैद्य : ठिपक्याचं नंतर सांगतो. बाई, आधी हे लिहा. एक सभासद आपल्या खुर्चीतून उचलला. उंच मंचावर नेऊन ठेवला. आणि चोवीस मिनिटांत आपण होऊन बरोब्बर त्याच खुर्चीत परत. झालं की नाही सिद्ध, भाऊजी?

अध्यक्ष : एकदा परत आला म्हणून काही सिद्ध होत नाही. पुढच्या सभेला परत बघ. टेप मी घेऊन येईन.