गालावरची निळी छटा

नाही, थांबा धोंडिरामकाका — स्पंज आधी खाली ठेवा. मी तुमच्यावर चिडलेली नाही, तसा गैरसमज करून घेऊ नका; मला फक्त हे नीट समजून घ्यायचं आहे. तुम्ही आत्ता तळहातावर निळ्यात थोडा काळा कालवलात. म्हणजे दाढीची छटा. सकाळी दाढी केलेल्या पुरुषाच्या गालावर संध्याकाळी दिसते, ती. आणि ती माझ्या गालावर लावायची — वहिनीच्या गालावर. सुबोधने सांगितलं, हो ना? त्यानेच सांगितलं असणार, दिग्दर्शक तो आहे, तुम्ही काय करणार. पण मला नाही सांगितलं, काका. इतके दिवस तालमी केल्या आम्ही, आणि ही गोष्ट मला इथे मुलुंडला, साडी नेसून तुमच्या खुर्चीत बसल्यावर, तुमच्या हातावरच्या रंगावरून कळते आहे.

बसा ना, पहिल्या घंटेला अवकाश आहे. तुम्ही हे नाटक समोरून कधी पाहिलं नसेल, तुम्ही कायम आत असता. जुनी इमारत पुनर्विकासाला द्यायची की नाही यावरून एका घरात भांडण आहे, एवढंच. मी थोरली सून, वहिनी. ती मेथी निवडते, दिराला टोमणे मारते आणि शेवटी सही करायला नकार देते. ती ट्रान्स आहे असं संहितेत कुठेही नाही — आणि म्हणूनच मला ती हवी होती. चाचणी देऊन मिळवली मी ती. एरवी माझ्या वाट्याला काय येतं? सिग्नलवर टाळी वाजवणारी, नाहीतर शेवटच्या प्रवेशात मरणारी. दोन एकांकिकांमध्ये मेले आहे मी. दोन्ही वेळा अभिनयाचं बक्षीस मिळालं — माझ्या प्रेताजवळ बसून रडणाऱ्या नायकाला. हसा, हसा, मलाही हसू येतं त्याचं.

जाहिरातीत मात्र सुबोधने मोठ्या अक्षरांत छापलं की मध्यवर्ती भूमिकेत ट्रान्स अभिनेत्री. मी हरकत घेतली नाही, कारण ते खरं आहे. मग पार्ल्याचा प्रयोग झाला. ते तुम्हाला ठाऊक आहे — नाही? अहो, प्रयोगानंतर एक सद्गृहस्थ आत आले, थेट जान्हवीकडे गेले, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, ‘तुमच्या धैर्याला माझा नमस्कार.’ जान्हवीकडे! म्हणजे नाटकातली माझी धाकटी जाऊ — उंच आहे, आवाज जरा घोगरा आहे, एवढंच बिचारीचं. मी शेजारीच उभी होते, पिना काढत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘तुमचंही काम छान झालं हं, ताई.’ सगळे पोट धरून हसले, जान्हवीही हसली. पण बसस्टॉपवर तिने मला हळूच विचारलं, ‘माझ्यात काय दिसलं गं त्यांना?’ आता मी तिला काय सांगायचं? माझ्यासारखी समजली गेली म्हणून ती दुखावली होती, आणि तिची समजूत मीच काढायची होती. मी काढली. म्हटलं, अगं, आतला उजेड वाईट होता.

सुबोध मात्र हसला नाही. तो म्हणाला, ‘यार अनुपमा, तू कोण ते लोकांना कळलंच नाही. मग एवढं केलं कशाला आपण?’ आणि मग त्याने माझंच वाक्य मला ऐकवलं. एम.ए.च्या प्रबंधात मी लिहिलं होतं की ट्रान्स व्यक्तीचं शरीर रंगमंचावर दिसलं पाहिजे, त्याने लपण्याची अट स्वीकारू नये. वाक्य माझं आहे, मी ते नाकारत नाही. पण दिसणं म्हणजे काय, यावर त्याच प्रकरणात पुढे सगळं लिहिलंय हो! ते त्याने वाचलं नाही. एक वाक्य उचललं आणि तुमच्या स्पंजावर ठेवलं.

हा गाल बघा, काका. हात लावून बघा, चालेल. इथे आता काही उगवत नाही. घाटकोपरला लेझर करून घ्यायचे मी, जळलेल्या केसांचा वास नाकात बसायचा, नंतर दुपट्टा गुंडाळून घरी. त्या वासातून हा गाल मिळवलाय. आणि जे मी जाळून टाकलं ते तुम्ही रंगाने परत काढणार, का — तर प्रेक्षकांना मी खरी वाटावी म्हणून!

आणि सांगू? त्या दिवशी, पार्ल्याला, जान्हवीला बसमध्ये बसवल्यावर मी रिक्षा केली आणि एकटीच हसत सुटले. रिक्षावाल्याने विचारलं, काय झालं मॅडम. म्हटलं, बक्षीस मिळालं. ते गृहस्थ मला ‘ताई’ म्हणून पुढे गेले होते ना — थांबले नव्हते, निरखलं नव्हतं, पुढे गेले होते. कुणाच्या लक्षात न येता बाई म्हणून खपून जाणं — ज्या गोष्टीला प्रबंधात मी सापळा म्हटलंय, त्याच गोष्टीने मला इतका आनंद झाला की... हे सुबोधला सांगू नका. कुणालाच सांगू नका. मी हे कुठेही लिहिलेलं नाही.

काय म्हणालात? — छटा लावली नाही तर माझ्या जागी दीप्ती उभी राहील. असं म्हणाला तो. तुम्हाला म्हणाला. म्हणून ती मघापासून माझ्यासारखीच हिरवी साडी नेसून विंगेत उभी आहे. मला वाटलं, प्रकाशयोजना तपासतायत. तिला सगळे संवाद पाठ आहेत, कारण ते मीच तिच्याकडून करून घेतले.

...

द्या तो स्पंज. अहो द्या, टाकत नाही, धुते. नळ आहे इथे. हं — गेला निळा. घ्या, ठेवा तुमच्या पेटीत. सुबोधला सांगा, अनुपमाने लावून घेतलं नाही. तुम्ही मध्ये येऊ नका, माझंच नाव घ्या. दीप्तीला उभं करायचं असेल तर करू दे, पण ते त्याने इथे येऊन मला सांगायचं — माझ्या चेहऱ्याकडे बघून, नीट उजेडात. तोवर वहिनी मी आहे.

कुंकू तेवढं तुमच्या हाताने लावा, माझे हात ओले आहेत. मध्यभागी. लागलं?

घंटा झाली. जा आता, काका. दार उघडंच ठेवा.