गुंडावरचे ओरखडे

(गोंदिया, २०११. बाजार चौकातला सायबर कॅफे, दुपारचे पावणेचार. जुन्या पितळी वस्तू गोळा करून इंटरनेटवर विकणारा रत्नपाल काही केल्या एका जागी बसत नाही. कॅफे चालवणारी खुशबू त्याच्यासाठी इंग्रजी वाचते, टाइप करते. रत्नपालची बायको अल्का बाजाराची थैली मांडीवर घेऊन भिंतीकडच्या बाकावर बसली आहे.)

खुशबू : तीन दफा वाचलं अंकल. तेच लिहून आहे. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, दोष लपवला.’

रत्नपाल : अजून एक डाव वाच. आनं मोठ्यानं नको, तुही काकू बसून हाय.

खुशबू : तुम्ही बसा बरं पहिले. तुम्ही चकरा मारता, इकडे टेबल हालते.

रत्नपाल : मी बसलो म्हनजे थे साइट ऐकनार हाय काय? चार वर्षं झाली! अडकित्ते, समया, बैलाच्या घाट्या, तीनशेच्या वर वस्तू पाठवल्या. एकाची तक्रार नाही. आनं आता सहा महिन्यात ही तिसरी! फोन लाव त्यायले.

खुशबू : नंबरच नाही ना तिथं. कंप्यूटरच जवाब देते.

रत्नपाल : वा रे वा! पहिले रायपूरचे दुलीचंदशेठ घरी येत. खाटेवर बसत, वस्तूले टिचकी मारून आवाज ऐकत. भांडत बी होते, पन मानूस समोर राहे ना! आता शेठबी म्हनते, साइटवर टाका, मी तिथंच पाहतो. अख्खा बाजार गिळून बसली थे. वरून आपल्या पैशातली कटौती वाढवून राहिली. गिऱ्हाइकानं आपल्याले काहीही म्हनाव, आपन त्याले वाईट म्हनू नाही शकत. हा कोनता कायदा?

खुशबू : कायदा नंतर, अंकल. चार बजे लाइट जाते, मग सीधे आठले येते. साइटनं सहापर्यंतच टाइम दिला आहे. दोनातलं एक बटन आता दाबलं तर दाबलं.

रत्नपाल : तं पहिलंच बटन दाब. घेऊ दे थ्याले काय पैसे वापस घ्याचे थे. थो पान्याचा पितळी गुंड ठेवू दे.

अल्का : कोनता गुंड?

रत्नपाल : काही नाही वो. धंद्याचं हाय.

अल्का : गुंड तं तुमी एकच विकला. काय झालं थ्याले?

खुशबू : काकू, अंकलनं मले लिहायला लावलं होतं, ‘कुठे पोचा नाही, ओरखडा नाही’. तिकडे अमेरिकेत गिऱ्हाइकानं गुंड फिरवून पाहिला, तर मागच्या बाजूनं ओरखडेच ओरखडे. फोटोत ती बाजू भिंतीकडे होती. हे पहा, त्यानं फोटो पाठवला. ठिपके-ठिपके दिसते ना?

अल्का : उलटा धरला थ्यानं गुंड.

खुशबू : रुको, घुमवते. आता… अरे! ही तर अक्षरं आहे. ‘अल्काला… आई रुक्माकडून. दवनीवाडा. १९८४.’ काकू, हे तुमचं नाव?

अल्का : माह्या नावाले ओरखडा म्हनते थो?

खुशबू : मीच नीट नाही पाहिलं. पण अंकल, तुम्ही सांगितलं का नाही? नाव आहे म्हणून लिहिलं असतं आपण.

अल्का : मीच म्हनली होती, नाव भिंतीकडं करा. आमच्यात घरचं भांडं विकाची पाळी आली का नाव कोनाले दाखवत नाही. कासाराच्या दुकानात बी नाव आपल्या पोटाकडं धरून उभं राहा लागते. कोन्या घरानं काय विकलं, गावाले कायले समजाव? दुकानदारबी तिकडं पाहत नाही.

खुशबू : आणि साइट म्हणते, लपवलं.

रत्नपाल : थ्याले काय समजते अब्रू! दाब बाई, पहिलं दाब. हे झंझट मिटव.

अल्का : पहिलं म्हनजे काय होते?

खुशबू : तिसरा हिस्सा पैसे त्याले वापस जाते, गुंड त्याच्याकडेच राहते. तो म्हणते, मी मशीनवर घासून ओरखडे काढून टाकतो. तक्रार मिटते, अंकलचं अकाउंट वाचते.

अल्का : घासून?

खुशबू : हो. एकदम चकाचक.

अल्का : आनं दुसरं बटन?

खुशबू : सगळे पैसे वापस, यायचं भाडंबी आपलंच. गुंड घरी येते. पण तिसरी तक्रार ना काकू, अकाउंट आजच बंद. अकरा वस्तूवर बोली चालू आहे, त्याबी निघते.

अल्का : म्हून मले दूर बाकावर बसवलं होतं काय हो? बाजारातून सीधं घरी जाऊ म्हनत होते तुमी.

रत्नपाल : तुले तरास नको म्हून… अल्का, आयकून घे. थे अकाउंट म्हनजे माहं दुकान हाय. तीस वर्षं भंगारवाल्यायच्या मागं मागं फिरलो. लोकं मलेच भंगारवाला म्हनत. तुह्या भावानं भर लग्नात म्हटलं, इसरली काय? थ्या साइटवर माह्या नावापुढं तारा हाय. जपानचा मानूस मले ‘मिस्टर रत्नपाल’ लिहिते!

अल्का : लिहू द्या ना. तुमचं नाव जपानात लिहून राहिले. माह्या मायचं नाव कुठं हाय, सांगा? मतदार यादीत हाय, थेबी भलत्याच बाईच्या फोटोखाली.

रत्नपाल : अक्षरंच तं हाय वो.

अल्का : अक्षरंच! कासारानं अक्षरामागं पायलीभर धान मांगितलं होतं. मामा म्हने, पोरीचं नाव टाकलं तरी पुरे. माय म्हने, माहंबी टाक. थिले वाचता कुठं येते? कासाराजवळ उकिडवी बसली, पुरा दिवस ठोके मोजत. मी पाहत होती ना. काम झालं तं थिनं बोट फिरवून इचारलं, ह्याच्यात मी कुठं हाओ?

रत्नपाल : एवढं होतं तं मंग देल्ला काऊन?

अल्का : तुमी मांगितला म्हून! एक मोठी वस्तू टाकली का लोकं बाकीचंबी पाहतात, असं म्हनले तुमी. पाच दिवस मागं लागले. मले वाटलं, आपल्याकडं खाटेखाली हाय, तिकडं कोनाच्या काचेच्या कपाटात राहीन. घासन म्हून नोहोतं सांगितलं.

रत्नपाल : मले तरी कोठून मालूम?

खुशबू : अंकल, दहा मिनट.

रत्नपाल : थांब. त्याले लिही. सीधं लिही, बाबू, थे ओरखडे नाही, मायनं पोरीले देल्लं नाव हाय. मानूसच हाय ना थो? समजन.

खुशबू : लिहायची जागाच नाही. कारण निवडायचं असते. ‘रस्त्यात फुटलं’, ‘साइज वेगळा’, ‘रंग वेगळा’… नावाचं काही नाही इथं.

रत्नपाल : रंग वेगळा! मी काय लुगडं विकलं काय त्याले? खाली पाहा. अजून खाली.

खुशबू : खाली काहीच नाही अंकल. दोन बटनच आहे.

अल्का : मी काही म्हनत नाही. तुमचं दुकान हाय. दाबा काय दाबाचं थे.

रत्नपाल : असं नको बोलू वो. भांड त्यापेक्षा.

खुशबू : सात मिनट, अंकल.

रत्नपाल : …दुसरं दाब.

खुशबू : पक्कं? मग मले वापस नाही घेता येत.

रत्नपाल : दाब म्हटलो ना! अजून इचारशीन तं मी पलटन.

खुशबू : दाबलं… झालं. त्या अकरा वस्तू गेल्या. अकाउंट बंद दाखवते.

रत्नपाल : एवढ्यात? चार वर्षं, आनं एवढ्यात? जयभीम नाही, नमस्कार नाही, काहीच लिहून नाही?

खुशबू : काहीच नाही. फक्त गुंड वापस यायचा पत्ता मांगते. तुमचाच टाकू ना?

रत्नपाल : टाक. दुसरा कोनाचा टाकशीन?

अल्का : थांब खुशबू. रुक्माबाई उदाराम मेश्राम लिही. मुक्काम पोस्ट दवनीवाडा.

रत्नपाल : अल्का, थिच्या घरी पार्सल गेलं तं आपन गुंड विकला होता, हे समजन ना थिले.

अल्का : समजू द्या. मी सांगन. थिच्या नावानं आजपर्यंत एकबी टपाल आलं नाही.