पोटावरची वांगी

...आणि पालथं झोपायचं नाही म्हणे! पालथं नाही, कुशीवर नाही, मोठ्यानं हसायचं नाही, शिंक आलीच तर आधी पोटाला हात लावायचा आणि मग शिंकायचं. का? तर माझ्या पोटावर वांग्याचं बी रुजत घातलंय. तुम्हाला सांगतो, जन्मभर या घाटात बर्फातून बस चालवली मी, पण आता अंथरुणात कूस बदलताना जेवढा जपतो तेवढा तिथल्या वळणांवरही जपलो नाही.

झालं असं, की आमच्या बायकोच्या, म्हणजे किनुएच्या माहेरचं एक वांगं आहे. गोल, लिंबाएवढं, मिठात मुरलं की दाताखाली कचकन तुटतं. तिची आई गेली, भाऊ शहरात गेला, आणि आता अख्ख्या गावात ते बी फक्त आमच्याकडे. गेल्या वर्षी दुकानातून बी रुजवायची विजेची गादी आणली, तर तिनं बी रुजवायच्या ऐवजी उकडून ठेवलं. उरलं चिमूटभर. ते गेलं की वाण संपला. बाहेर खिडकीपर्यंत बर्फ, आणि वांग्याला तर तान्ह्या बाळासारखी ऊब लागते. मी म्हटलं, कोतात्सूत ठेव ना, टेबलाखाली शेगडी आहे, वर दुलई आहे... तर म्हणाली, "तिथं तुमचे पाय असतात."

"आमचे बाबा पोटाशी बांधून रुजवायचे."

"मग बांध की तू."

"माझं अंग गार. तुम्ही बसल्या जागी उबदार असता. त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे."

झालं! ओल्या फडक्यात बी, फडकं पिशवीत, पिशवी माझ्या लोकरी पोटपट्ट्यात. पोट माझं, हुकूम किनुएचा.

बरं, नुसतं बांधून भागतं का? अंघोळीच्या गरम टबात बी शिजेल, म्हणून मी आत उतरलो की ही पिशवी काखेत धरून दाराबाहेर उभी. "झालं का?" अगं, आत्ता तर पाय घातला. "गार पडतंय हो ते." साके, म्हणजे आमची तांदळाची दारू, घ्यायची नाही, पोट आधी तापतं आणि मग गार पडतं म्हणे. चिडायचं तर मुळीच नाही, आणि हे ती चिडून सांगते.

त्यात गावाची आरोग्य तपासणी आली. तिथं दरवर्षी कंबर मोजतात, तुम्हाला ठाऊकच आहे. नर्सबाईंनी टेप गुंडाळली आणि म्हणाल्या, "इगाराशीसान, यंदा पुन्हा वाढलंय." मी म्हटलं, "बाई, त्यात वांगी आहेत." तर म्हणतात, "हो, सगळे असंच काहीतरी सांगतात. पट्टा काढा." मी म्हटलं, "बायकोला विचारावं लागेल." रांगेतले म्हातारे लागले विचारायला, बाळंत कधी होणार म्हणून... पोट माझं, हुकूम किनुएचा, आणि चेष्टा अख्ख्या गावाची.

पण एक सांगतो. त्या दिवसांत ती सारखी विचारायची, "अहो, गार वाटतंय का? सूप करू? शाल देऊ?" इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. ती वांग्यांना विचारते हे कळत होतं मला, पण ऐकणारे कान तर माझेच ना? मी म्हणायचो, "जरासं गार वाटतंय खरं..."

एका सकाळी तिनं चष्मा लावून फडकं उघडलं आणि मटकन खालीच बसली. शितापेक्षा बारीक, पांढरा कोंब. "आलं," म्हणाली, "आईचं वांगं आलं." डोळे पुसायला लागली. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं.

आणि मग? मग मला विचारतो कोण! दक्षिणेच्या खिडकीत माझी खुर्ची असायची, तिथं आता कुंड्या. "त्यांना उजेड लागतो, नाहीतर माना लांबवून किडकिडीत होतात." मी पेपर घेऊन चपलांच्या कपाटापाशी. ही कुंड्या फिरवते आणि रोपांना विचारते, "गार नाही ना वाटत?" मी खोकून पाहिलं. काही उपयोग नाही. पोट माझं आणि हुकूमही माझाच! हवा तेवढा टबात बसलो, पालथा झोपलो... झोपच लागेना.

शेवटी पेपरातून डोकं न काढता, सहज म्हणून विचारलं, "मिरचीचं बी भिजवलंस का गं?"

"भिजवलं की."

मी स्वेटर वर घेतला.

"ते ओनुमाबाईंच्या मिस्टरांकडे दिलं," म्हणाली. "मिरचीला वांग्यापेक्षा जास्त ऊब लागते."

ओनुमा म्हणजे आमचा शेजारी. त्याचं पोट त्याच्या आधी दारात येतं, आणि त्या पोटाला मी वीस वर्षं हसत आलोय, तोंडावर. आता कसा हसू? आमच्याच मिरच्या आहेत त्यात.