कलम पाच आणि आमचे मालक

नाही, पण माणसानं कारण तरी धड सांगावं की नाही? भिंतीला खिळे ठोकले म्हणा, जिन्यात चपला काढल्या म्हणा, ऐकून घेऊ! पण आमचे हे मालक, तळमजल्यावरचे, तोंडाला रुमालावर रुमाल बांधून, जिन्यात सहा पायऱ्या खाली उभे राहून मला सांगतात, "रविवारपर्यंत खोल्या रिकाम्या करा. तुमच्या मिसेस इस्पितळात जातात!"

जातात म्हणजे? अहो, नर्स आहे ती! इस्पितळात नाही जाणार तर काय सर्कशीत जाईल? साथीच्या वॉर्डात बारा-बारा तास उभी राहून, गालावर मास्कचे वळ घेऊन घरी येणारी बाई, आणि तिला म्हणे घरात घ्यायचं नाही!

बरं, दुसरी जागा बघावी तर सगळं शहर बंद. एकाला फोन केला. "मिसेस काय करतात?" म्हटलं, नर्स. त्यानं फोन असा आपटला, जसे काही तारेतनंच जंतू येणार होते! त्या संध्याकाळी बायको दारातच बसली, बूटसुद्धा न काढता. म्हणाली, "मी इस्पितळातच राहते. तुम्ही तरी राहा इथे." भांडली असती तर चाललं असतं हो... पण ती इतक्या हळू बोलली ना, की माझं डोकंच फिरलं!

आता मी कोण? बुक-बाइंडर! नगरपालिकेची दप्तरं वीस वर्षं मीच शिवतोय. लावला फोन दप्तरखान्यातल्या कारकुनाला. तो जांभई देत म्हणतो, "आहे की! परवाच आदेश निघालाय. साथ संपेपर्यंत कुणालाही राहत्या जागेतून काढता येणार नाही. आजारी म्हणून नाही, आजाराचा संशय म्हणून नाही, नोकरी इस्पितळात म्हणूनही नाही. कलम पाच." म्हटलं, कारकूनसाहेब, तुमच्या तोंडात साखर पडो! कागद आहे आपल्याकडे!

त्यानं शिक्का मारलेली प्रत पाठवली. आणि तुम्हाला सांगतो, चार पानांचा आदेश, पण मी तो बांधला! जाड पुठ्ठा, तांबडं कापड, वर सोनेरी अक्षरं! दुकान बंदच होतं, वेळच वेळ. रविवारी मालक वर आले. "सामान बांधलं का?" म्हटलं, सामान नाही, हे बांधलंय! आणि जिन्यातच कलम पाच खणखणीत आवाजात वाचलं. मालक म्हणतात, "हे असलं पुस्तक कुणीही छापेल!" म्हटलं, शिक्का बघा, शिक्का! कागद आहे आपल्याकडे!

गप्प बसले? छे! सोमवारी सकाळी तोटी फिरवतो तर नुसती हवा. वॉर्डातनं आलेली बायको, अंगाला साबण लावून न्हाणीत उभी, आणि पाणी गायब! खाली व्हॉल्व्ह बंद केलेला. मी पान उलटलं. कलम सहा, वीज-पाणी तोडता येणार नाही. लावला वॉर्ड ऑफिसला फोन. तासाभरात इन्स्पेक्टरीण बाई हजर! मालकांना म्हणाल्या, "आजोबा, व्हॉल्व्ह तुम्ही उघडता की मी पंचनामा उघडू?" पाणी असं धो-धो आलं, काय सांगू!

असे तीन आठवडे गेले. मी जिना उतरताना मुद्दाम खाकरायचो. का नाही खाकरणार? कागद आहे आपल्याकडे!

आणि मग एका दुपारी दार वाजलं. बघतो तर मालक! अंथरुणाची वळकटी काखेत, रुमाल एकच, आणि तोही हातात. म्हणतात, "तुमच्या त्या पुस्तकात... घरमालकासाठी काही कलम आहे का हो?"

झालं असं, की मालकांना दोन शिंका आल्या, थोडा खोकला झाला, आणि सूनबाईंनी त्यांची गादी उचलून जिन्याखाली घातली. त्यांच्याच घरात! मुलगा आतनं खिडकीतून हात जोडून म्हणतो, "बाबा, चौदाच दिवस!"

मी पुस्तक घेऊन खाली. दार वाजवलं. म्हटलं, सूनबाई, कलम पाच, "कुणालाही" असं लिहिलंय, त्यात सासरेसुद्धा आले! आतून आवाज, "आम्ही काढलंय कुठे? हवेशीर जागी ठेवलंय!" आता "हवेशीर"वर कलम कुठाय? पानं उलटून उलटून बोटं दुखली... चार पानी आदेश, त्यात किती शोधणार?

तेवढ्यात बायको ड्यूटीवरून आली. तिनं ना पुस्तक बघितलं, ना मला विचारलं. मालकांची नाडी धरली, ताप बघितला, छातीला नळी लावली. "काका, वर चला. वाफ घ्यावी लागेल." ते पुटपुटले, "सिस्टर, मी तुम्हाला..." "बोलू नका, खोकला येतो," ती म्हणाली, आणि आमची आतली खोली त्यांना दिली. मी? मी स्वयंपाकघरात, ओट्याला पाय लावून! दुसऱ्या दिवशी तपासणीही झाली. साथ-बिथ काही नव्हती, साधी सर्दी!

सर्दी आठ दिवसांत गेली. मालक मात्र राहिले. म्हणतात, "खाली मला करमत नाही, सिस्टर तब्येत विचारते." मध्यंतरी साथ संपली, आदेश उठला, मुलगा दोनदा न्यायला येऊन गेला. नाहीच हलले!

परवा पलंगावर पडल्या पडल्या म्हणतात कसे, "अहो, या खोलीचं छत गळतंय." म्हटलं, चार वर्षं गळतंय. "खिडकी लागत नाही." म्हटलं, कधीच लागत नव्हती. तर उठून बसले, माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "असल्या मालकाकडे राहता कशाला हो? जरा बरी जागा बघा की... आपल्या तिघांसाठी!"

बघतोय. काय करणार?