खणानारळाची ओटी

डब्याचं झाकण खणकन फरशीवर पडलं, तेव्हा कुठं शेजारचं म्हातारं जोडपं बोलायला लागलं. भोकरदनच्या बसस्टँडवर मांडीवरच्या लेकीला दहीभात भरवता भरवता सुरेखा ऐकत होती. दोघं अजिंठ्याची बुद्धाची लेणी बघून परत निघाली होती.

"खाय दोन घास."

"नको. खणानारळाची वटी तशीच राह्यली."

"अगं, शिपाई म्हनला ना, हितं लोक बघायला येतेत, पूजा चालत न्हाई. त्याचं बी बराबर हाय."

"मंग लेण्यातल्या त्या दगडाच्या बाईच्या मांडीवर लेकरू काहून बसवलं?"

"मी बसवलं का?"

"मागल्या साली आल्तो, तवा आपला नातू त्या बाळाकडं बघून कसा खुदकन हसला होता! म्हनून तर तो तापानं फणफणला तवा तिलाच नवस बोलले."

"उठला का पन तो? मंग नवस कशाचा फेडायचा?"

"फेडायला कुठं गेल्ते? सांगायला गेल्ते. तुझ्या मांडीवरचं तरी नीट सांभाळ म्हनून."

म्हातारा डब्याचं झाकण पुसत राहिला.

"बस लागली. चल जल्दी."

"ही वटी सुनंपुढं कशी नेऊ? ए बाई, लेकुरवाळी हायेस, पदर पसर."

सुरेखानं एका हातानं लेकीला घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं पदर पसरला.

बस गेली. पदरातल्या तांदळात बोट फिरवत लेकीनं विचारलं,

"आई, त्या आजीचं बाळ आता कोनाच्या मांडीवर हाय?"