शंकरअण्णाचा मुका कीबोर्ड

हसू नका, पण आमच्या शंकरअण्णानं कीबोर्ड धुऊन उन्हात वाळत घातलेला मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. अण्णा जयसिंगपूरचा गुळाचा व्यापारी. त्याची बायको, आमच्या वैनी, वारल्या, आणि त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज तेवढा भाच्यानं दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरात राहिला. त्यात नेहमीच्या विंडोजऐवजी लिनक्स घातलेलं. सुरू केलं की काळ्या पडद्यावर पासवर्ड मागायचं, आणि अण्णानं कितीबी बटणं दाबली तरी एक अक्षर उमटत न्हवतं.

"गुळाच्या हातानं चिकटलाय रे," म्हणून त्यानं कीबोर्ड धुतला.

मी म्हटलं, "आता इस्त्री पण कर की!"

वाळल्यावरही तेच. अण्णाचा चेहरा पडला. शेवटी पुण्याला भाच्याला फोन लावला.

तो म्हणाला, "मामा, पासवर्ड टाकताना तिथं काहीच दिसत नाही. दिसलं नाही तरी टाका आणि एंटर मारा."

अण्णानं टाकला. उघडलं! मग भाचा सांगेल तसं मी टाइप करत गेलो, आणि कॉम्प्युटरातनं वैनी कडाडल्या, "अवो, बंद करा की ते! चहा गार व्हाय लागलाय."

"आलो, आलो," म्हणत अण्णा उठला आणि थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला. तिथंच उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "परत लाव की."