तंबाखूचं पाणी

राजारामपुरीतल्या दवाखान्यात माझ्यामागच्या बाकावर दोघी नंबरची वाट बघत होत्या. एक शहरातली, एक शिरोळकडची.

“परसातल्या लिंबावर मावा पडलाय हो, मावशी. पानं पार आकसलीत.”

“तंबाखू रातभर भिजवा, वैनी. पाणी गाळून फवारा. तोंडाला फडकं बांधा बरं का, इखारी असतंय ते.”

“आमच्यात तंबाखू कोणी खात नाही.”

“माझ्याकडनं न्या की. आमच्या मालकांच्या पुड्या डबाभर पडल्यात.”

“त्यांना लागतील ना?”

“न्हाय लागत आता.”

“मरतो का पण मावा त्यानं?”

“आमच्या झाडावर मारलं, सकाळी बघितलं तर सगळा मरून पडलता. मालकांना हाताला धरून न्हेलं, पान उलटून दावलं. लई येळ बघत हुभं ऱ्हायलं.”

“काय म्हणाले?”

“जीभ काढल्यापास्नं बोलत्यात कुठं?”